पुलाच्या बाजूने उठलेली माणसं

प्रिय पत्नी थॉमसिन हिस, लंडनहून हम्फ्रीचा जिवाभावाचा नमस्कार.

तू विणलेले मोजे रोज घालतो. खोकला बराच कमी झालाय, काळजी करू नकोस. मेंढ्या व्यायल्या का? धाकटीचा ताप गेला का?

आपल्या नदीवर पूल बांधायचं विधेयक काल संसदेत पडलं.

इथली रीत अशी, की ज्या सभासदाला विधेयक हवं त्याने उठून बाहेर जायचं आणि नको असेल त्याने बसून राहायचं; मग दोन्हीकडची डोकी मोजतात. बाकं कमी, माणसं फार. उठलं की जागा गेलीच, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मी उठलो आणि नदीपलीकडच्या आपल्या शेजाऱ्यांना, ट्रेगॉसना, म्हणालो, "चला."

ते खांबाला मस्त टेकून बसले होते. म्हणाले, "अहो, मनाने मी तुमच्याबरोबरच आहे हो! पण या जागेसाठी पहाटेच आलोय. तुम्ही व्हा पुढे."

असे मनाने बरोबर असलेले पुष्कळ जण बसूनच राहिले, आणि विरोधात मोजले गेले. मी परत आलो तेव्हा माझ्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. ट्रेगॉस म्हणाले, "वाईट झालं."

त्यांची बायको दर रविवारी चर्चला येताना नदी ओलांडते, तुझा भाऊ वाहून गेला तिथूनच. पाणी चढलं असेल तर आपली उंच घोडी तिच्यासाठी पाठव. भिजून आली तर चुलीजवळची तुझी जागा तिला दे.

तुला उठावं लागेल, पण तू उठशील.

तुझा,
हम्फ्री