चतुर्दशीनंतरचं रक्त

सातारा, ४ ऑगस्ट २०२५

चि. नेमिनाथ यास शालनअक्काचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझा फोन सुंदरी स्पीकरवर ऐकते, म्हणून हे पत्र हळदीच्या दुकानावर धाडते. गेल्या महिन्यात घेतलेल्या तुझ्या रक्ताची एक नवी तपासणी करून घेतली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं. तुझं बरंच वाढलंय. छातीत दुखत नाही म्हणून खुशाल राहू नकोस. जुन्या मधुमेहात दुखणं कळतच नाही.

नेमू, चूक माझी आहे. बारा वर्षं मी चतुर्दशीला माहेरी यायची आणि तुझ्या उपवासाच्या दुसऱ्या सकाळी, पारण्याआधी, साखर बघायची. ती चांगलीच येणार! तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी मी कधी केलीच नाही. सगळी नोकरी लॅबमध्ये काढली आणि भावाच्या बाबतीत आंधळी झाले. उद्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

तुझी वाट पाहणारी,
अक्का

सांगली, १९ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास सा. न.

हळदीच्या सौद्याला चाललो असं घरी सांगून दवाखान्यात राहिलो. सोबत दुकानातला भागीदार भरतेश होता. आवं, काय व्हत न्हाई म्हणत मला धीर देता देता तोच रडला. शेवटी चहा मीच पाजला त्याला.

रक्तवाहिन्या टोकापर्यंत बारीक झाल्यात. स्टेंट बसत नाही, बायपासही जमणार नाही. किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टरांनी मुलीचं लग्न झालं का ते विचारलं. मी समजलो.

तू स्वतःला बोल लावू नकोस. उपवासानंतर साखर चांगली येते हे मला ठाऊक होतं. तुझी शाबासकी गोड लागायची.

सुंदरीला संशय आलाय. माझ्यावर तिचा काडीचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. सगळं ठीक आहे असं तिला लिही. वैशाखात प्राचीचं लग्न आहे, तोवर घर हसतं राहू दे.

तुझा धाकटा,
नेमू

सातारा, २५ ऑगस्ट २०२५

सौ. सुंदरीस अनेक आशीर्वाद.

नेमूचे रिपोर्ट मी स्वतः पाहिले. काळजीचं काही नाही. तरी वय झालंय, पोती उचलू देऊ नकोस आणि यंदा दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत उपवास नकोत. माझं नाव सांग.

प्राचीचं लग्न मात्र वैशाखापर्यंत कशाला लांबवता? उन्हाळा मला सोसत नाही गं. चातुर्मास संपला की पहिलाच मुहूर्त धरा. एवढं माझं ऐक.

माया आहे, तशीच राहू दे.

तुझी वन्सं,
शालन