गॅस कुठून जातो

९ मे, शुक्रवार
गाडीचा एसी गेला. तोही मे महिन्यात, गोंदियात!

मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुपारी झोपले तशी नेहमीसारखी गाडी काढली आणि मागच्या मैदानावर नेली. दोन फेऱ्यांत जीव नकोसा झाला. लायसन्स कधीचं हातात आलंय, तरी मी अजून चोरासारखी गाडी चालवते. नवऱ्याचं, वीरेंद्रचं, एकच – "बाबूजींसमोर नको. जुनं माणूस आहे, खपायचं नाही." त्यांना विचारलं का कोणी? नाही. आणि मी तरी कशी विचारू! सासरा-सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. पाणी हवं असलं की मामाजी भिंतीकडे बघून म्हणतात, "घरात कोनी पानी देईन का?" मग मी गुपचूप तांब्या ठेवून येते.

मला जास्त काही नको. त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा गाडी गेटातून बाहेर काढायची आहे. बस.

१० मे
उमेंद्र मिस्त्रीनं गॅस भरून दिला. गॅरेजात गर्दी, त्यामुळे तपासलं काहीच नाही. "टेन्शन नका घेऊ भाऊ, एकदम ठंडी होते." फुलचूरला घरी येईपर्यंत खरंच गारठलो. वीरेंद्र चालवत होता, मामाजी पुढे, मी मागे.

१२ मे, सोमवार
पुन्हा गरम वारा! वीरेंद्र उंदरांवर घसरला. ओसरीत उन्हाळी धानाची पोती, पोत्यांमुळे उंदीर, उंदरांनी पाइप कुरतडला – असा त्याचा हिशेब. मामाजी मान खाली घालून जेवले आणि अर्धा भात ताटात तसाच ठेवून उठले. त्यांच्या धानाला बोल लागला म्हणून असेल.

१४ मे, बुधवार
वीरेंद्रला दुकान सोडवेना, म्हणून गाडी मीच नेली. मामाजी झोपल्यावर, अर्थात. उमेंद्र जरा ओशाळला होता. "आज गॅस नाही भरत, भाभीजी. पयले तो कुठून जाऊन रायला ते पाहू."

आधी त्यानं उंदरांचाच माग काढला. पाइप सगळे धड निघाले. मग यंत्रणेत नायट्रोजनचा दाब भरला आणि सांध्या-सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. काहीच नाही. मी कंटाळून चहा मागवला. शेवटी समोरची जाळी काढली, आतल्या गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरवर तेच साबणाचं पाणी मारलं, आणि एका जागी बुडबुडा फुगला! फुटला, परत फुगला. मी टाळीच वाजवली. गॅरेजातले सगळे बघायला लागले.

"गोटा लागला असन," उमेंद्र म्हणाला.

मी वाकून पाहिलं. भोक बारीक, अगदी गोल. आणि कंडेन्सर कसा स्वच्छ! मामाजींना त्यांच्या गावाहून, मोरगावहून आणलं तेव्हा रस्ताभर लोकांनी मळणीसाठी धान पसरलेलं, गाडी त्याच्यावरूनच आली. कंडेन्सर भुसानं बुजून गेला होता. म्हणून गाडी नीट गार होत नाही, असं वीरेंद्र घरात सगळ्यांसमोर म्हणालाही होता. आता एक काडी दिसेना.

मग डोक्यात उजेड पडला. गेल्या आठवड्यात मामाजी सकाळी गाडीपुढे उकिडवे बसले होते, हातात पोती शिवायचा दाभण. मी समजले, शिवण झाली, आता सावलीत टेकलेत. टोकरून टोकरून भूस काढत बसले असणार बिचारे! आणि एकदा टोक आत गेलं. आधी हसू आलं. मग तो ताटातला भात आठवला, आणि कसंतरीच झालं.

उमेंद्रला म्हटलं, हो, गोटाच असेल.

१५ मे
नवा कंडेन्सर बसला. यंत्र लावून आतली सगळी हवा ओढली. दाबाचा काटा हलतो की काय म्हणून दोघं टक लावून बसलो. हलला नाही, तेव्हा कुठे गॅस सोडला. गार! येताना काचा बंद करून मोठ्यानं गाणं म्हटलं.

जेवताना वीरेंद्रला सांगितलं, गोटा लागला होता. त्यानं उंदरांना माफ केलं. मामाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आज भात मागून घेतला. फार बरं वाटलं.

१६ मे
मैदानावर रिव्हर्सचा सराव. गाडी एकदाही बंद पडली नाही!

१७ मे, शनिवार
उद्या मोरगावला मामाजींच्या पुतण्याकडे लग्न आहे. ऐन हंगामात दुकान बंद ठेवता येत नाही, असं वीरेंद्र म्हणतो. मामाजी म्हणाले, मी बसनं जातो. या वयात, या उन्हात! मी म्हटलं, मी नेते ना. वीरेंद्रनं डोळे वटारले. मामाजी शेजारच्याच खोलीत होते, म्हणून मी गप्प बसले. असा राग आला! गार गाडी दारात उभी राहणार, आणि म्हातारा माणूस स्टँडवर.

१८ मे, रविवार
सकाळी मामाजी पिशवी घेऊन गाडीपाशी उभे. मला हाक मारली – नावानं! आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "गोटा नाही लागला, चेतना. मीच दाभण टोचलो. रोज दुपारी तू गाडी शिकून रायली होतीस, लय गरम होत असन म्हनून भूस काढून रायलो होतो. चाल, मोरगावले तूच ने."

आणि पुढचं दार उघडून माझ्या बाजूला बसले.