नाव न छापण्याची अट

३ मार्च
साप्ताहिकाच्या नव्या संपादकांचा फोन आला. ‘घरच्या घरी’ हे सदर पुढच्या महिन्यापासून एक नटी लिहिणार, फोटोसकट. हे बोलून दाखवावं तर इतकी वर्षं ते मी लिहीत होते हेच घरात कोणाला ठाऊक नाही. म्हणून ही रोजनिशी. नाव छापायचं नाही ही अट माझीच. पब्लिसिटीचा मला तिटकारा आहे. वाईट अजिबात वाटलेलं नाही. दुपारी जेवले नाही, पण ते भूक नव्हती म्हणून.

५ मार्च
ह्यांना आता उठवत नाही. जुनी सदरं वाचून दाखव म्हणाले. वाचली. म्हणाले, ‘या बाईला माणूस कळतो. नाहीतर तू! औषध घेतलं का, एवढंच विचारतेस.’ लेख ह्यांच्यावरच होता. ओळखू आला नाही. म्हणजे स्टाइल उत्तम.

६ मार्च
उद्या सांगून टाकायचं. नवऱ्याला सांगणं ही काही प्रसिद्धी नव्हे.

७ मार्च
नणंद आली होती. तिच्यासमोर सांगणं म्हणजे गावभर दवंडी. उद्या नक्की.

८ मार्च
‘अहो, ते सदर...’ म्हणून सुरुवात केली. ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ‘त्या बाईंना एकदा भेटायचं राहिलं गं.’ नणंद आजही आलेली. ती म्हणाली, ‘वहिनी, बघा, या वयातही दादाचं लक्ष बाहेरच!’ सगळे हसलो. अशा वेळी सांगून ह्यांचा विरस कशाला करा?

९ मार्च
हे म्हणाले, ‘माझा टेबलावरचा दिवा त्या सदरवाल्या बाईंना नेऊन दे. डोळे फोडून लिहीत असणार बिचारी.’ या दिव्याला मी हात लावलेला ह्यांना कधी खपला नाही. मी लिहिते स्वयंपाकघरात, ओट्यावर. ‘देते,’ म्हटलं. आता मात्र उद्या सकाळी, चहाबरोबर, स्पष्ट सांगायचं. वाक्यही तयार केलं आहे.

१० मार्च
पहाटे हे गेले.

२६ मार्च
नणंद म्हणाली, ‘राहू दे वहिनी, दिवा घरातच ठेवा, दादाची आठवण.’ ठेवता आला असता. पण ह्यांनी तो तिला दिला होता, मला नव्हे. आणि दिलेला शब्द मी मोडत नाही.
दिवा घेऊन साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, ‘कोणासाठी?’ सदर लिहिणाऱ्या बाईंसाठी, म्हटलं. ‘मग नव्या मॅडमच्या घरी पाठवतो. तुमचं नाव?’ नाव सांगितलं नाही.
दिलं: टेबलाचा दिवा, पितळी, एक. चालू आहे. सोबत जादा बल्ब एक.