तारेच्या मधोमध

झाडावरचं घर, नाम लिन खोरं
१८ सप्टेंबर

सेंगताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझी डुकरं आणि तुझा राग, तिन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. मीही मजेत आहे.

माझं पत्र बघून तुला आधी वाटेल, कोणी तरी गेलं. तसं काही नाही. पावसाळ्यात वर पाहुणे येत नाहीत, आणि कंपनीने विचारलं की घर राखायला कोण थांबतो, तर मी म्हटलं मी थांबतो. उंदीर हाकलायचे, छप्पर कुठे गळतं ते बघायचं, गाद्यांना बुरशी लागू द्यायची नाही. काम थोडं आणि दिवस मोठा, म्हणून लिहायला बसलो. जेवणाची सोय चांगली आहे. कंपनीत स्वयंपाक करणारी थिप पलीकडच्या मचाणावरून, पाहुणे ज्या तारेला लटकून दरी ओलांडतात त्याच तारेला टोपली अडकवून भात पाठवते, मी दोरीने ओढून घेतो. रिकाम्या टोपलीतून हे पत्र तिच्याकडे जाईल आणि ती ते तुझ्या हातात देईल. तू चुलीत घातलंस तरी वाचून घाल.

बाबांच्या खुंट्या अजून खोडात आहेत. मधासाठी चढायला त्यांनी ठोकलेल्या बांबूच्या खुंट्या. आता कुजल्यात, चढा-उतरायच्या कामाच्या नाहीत. घर बांधताना मिस्त्री त्या उपटायला निघाला होता, मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तुला हे कधी सांगता आलं नाही, कारण तू त्याआधीच सगळ्या गावासमोर म्हणालीस, "बापाच्या मधाच्या झाडावर परक्यांना हागायला बसवलंस!" आणि बोलणंच टाकलंस. बरं, बसवलं. पण पलीकडच्या डोंगरावर बघ, रबराशिवाय काही शिल्लक आहे का? हा डोंगर उभा आहे तो त्या परक्यांच्या संडासामुळेच. ते लोकही अजबच असतात, ताई. झाड तुटू नये म्हणून कागदी रुमाल वापरत नाहीत, प्लास्टिकची बाटली दिसली तर त्यांना दुखतं, आणि इथवर यायला दोन विमानं बदलतात. पण मनाने चांगले. सकाळी गिबन वानरांची जोडी ओरडायला लागली की हात जोडून ऐकतात. मला त्या आवाजाने आताशा जाग येते तेव्हा जागं व्हावंसं वाटत नाही.

इथून आपलं गाव दिसतं, हे तुला माहीत नसेल. सकाळी छपरांतून धूर निघायला लागतो. सगळ्यांत आधी तुझ्या. तुझा धूर दिसला की मी म्हणतो, चला, ताई उठली, आता डुकरांना शिव्या सुरू. मग एकेक करून बाकीच्यांचे धूर. माझ्या घराकडे मी बघत नाही.

तारेची देखभाल चालू आहे. मध्ये एकदा जरा अडकायला झालं होतं, पण काही लागलं नाही. खाली यायला अजून जमलेलं नाही. पाऊस थांबला की बघू.

तुझा भाऊ,
बुनथान

•

झाडावरचं घर
९ ऑक्टोबर

सेंगताई,

तुझा निरोप पोचला. थिपने तो अख्ख्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात पोचवला. "भाऊ, ताई म्हणाल्या, बापाचं झाड एवढं प्यारं आहे तर तिथेच राहा म्हणावं, शेपूट फुटेपर्यंत!" मी ओरडलो, "अजून काय म्हणाली?" तर म्हणते, "विचारत होत्या, नीट जेवतो का!" हेसुद्धा तितक्याच जोरात. आणि टोपलीत केळीच्या पानात बांधलेला तुझा मिरचीचा ठेचा. मीठ नेहमीसारखं जास्त. मी सगळा खाल्ला आणि बराच वेळ रडलो. मिरचीमुळे असं तुला सांगितलं असतं, पण तू विश्वास ठेवला नसतास.

पाऊस थांबून बरेच दिवस झाले. आता ते कारण चालणार नाही. पाहुणे यायला लागतील, आणि तारेवरून पहिली उडी वाटाड्याने घ्यायची असते, त्याचं बघून ते घेतात.

ताई, मला खाली येता येत नाही.

पावसाची झड लागली होती तेव्हा मी तारेवर वाढलेल्या वेली काढायला गेलो. नेमक्या मधोमध ओली पानं कप्पीत अडकली, पट्टा फिरला आणि मी उलटा झालो. डोकं खाली, पाय वर. खाली नुसतं धुकं. दरी आहे की नाही तेही कळेना. दोर टाकून मला पलीकडच्या मचाणावर ओढून घेईपर्यंत दुपार सरली होती. सोडवल्यावर सोबतचे सगळे हसले, मीही हसलो. थिप तेवढी हसली नाही. घाबरलो नाही हे दाखवायला मी परत तारेवर चढलो आणि डोळे मिटून या घरात आलो. तो आलो तो आलोच. रोज पट्टे बांधतो, कडेला उभा राहतो, आणि पाय फळीला चिकटतात. जाड्या जाड्या, थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांना मी याच फळीवरून हात धरून नेलंय. डोळे मिटा, पाय उचला, काही होत नाही, असं मीच सांगायचो त्यांना.

भाताला चव लागत नाही. दिवसा झोपतो. परवा थिप पलीकडून म्हणाली, "काय हो भाऊ, माकडांच्यात घरजावई झालात की काय?" मी नुसता टोपलीची दोरी ओढत राहिलो, तेव्हा तिला कळलं. मग म्हणाली, "भाऊ, तुमचा जीव तिथेच राहिलाय, तारेवर. हाक मारून आणायला पाहिजे."

लहानपणी ओढ्यात पडलो होतो तेव्हाचं तुला आठवतं? मी जेवेना, बोलेना. मग आई अंडं, भात आणि मासे पकडायची जाळी घेऊन त्याच दगडापाशी गेली आणि माझ्या जिवाला नावाने हाका मारत मारत घरापर्यंत आली. दारात उभं राहून तिने विचारलं, "आला का?" आणि आत तू, तोंडात घास कोंबलेला, "आवा!" म्हणालीस. आई कसली चिडली! "नीट सांग, गं! त्याला कळलं नाही तर जाईल ना परत!" मग तू एवढ्या जोरात "आला!" ओरडलीस की कोंबड्या उडाल्या. मी त्या संध्याकाळी जेवलो.

आता माझा जीव राहिलाय त्या जागी कोणाला उभं राहता येत नाही, ताई. तिथे जमीन नाही. तिथून जाईन तर मीच जाईन, आणि हाक मारायची तर मीच मारायची. स्वतःचं नाव ओरडत तारेवरून जाणारा माणूस बघून गिबनसुद्धा हसतील, पण तेवढं मी करीन. थिपने टोपलीत अंडं पाठवलंय.

पण मग मी दारात येईन आणि विचारीन, आला का? आत कोण आहे? घरात बायको होती, वियेंग होती, तेव्हा मी नुसत्या वहाणा काढल्या तरी आतून विचारायची, आलात का. ती गेली तेव्हा तू आलीस, सगळ्या लोकांना रांधून वाढलंस, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलीस. त्यानंतर त्या घरात कोणी कोणाला काही विचारलेलं नाही. मी कंपनीला म्हटलं ना, पावसाळाभर मी थांबतो, तेव्हा मी तारेवर अडकलोही नव्हतो. मला त्या घरात जायचं नव्हतं. सकाळी सगळ्या गावातून धूर निघतो आणि माझं छप्पर तसंच राहतं, ते बघवत नाही मला.

म्हणून लिहितोय. झाडाबद्दल तू मला माफ करू नकोस. मीही तुझं म्हणणं मानलेलं नाही, आणि पुढे भांडायला आपल्याला जन्म पडलाय. माझ्याशी बोलूही नकोस. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी माझ्या घरी जा. किल्ली पाण्याच्या रांजणाखाली आहे. दार ढकलावं लागेल, पावसाने फुगलं असेल. लाकडं ओली असतील, तुझ्याकडची चार ने. चूल पेटव आणि आत बस. मी येऊन विचारलं की एक शब्द सांग. तो एकच. मग हवं तर निघून जा.

त्या दिवशी मी जेवण झालं की पट्टे बांधून, अंडं खिशात घालून फळीच्या कडेला बसेन, आणि आपल्या गावाकडे, माझ्याच छपराकडे बघत राहीन. धूर दिसला की पाय उचलेन.

आणि ताई, तोंडात घास ठेवून बोलू नकोस.

तुझा, अजून वरच बसलेला,
बुन