ठकीच्या दाढेचा न्याय

४ जून
सकाळी देवापुढे उभं राहून ठरवलं, की सूड घ्यायचा नाही. फक्त न्याय मागायचा. दोन्हींतला फरक देवाला कळतो.
घडलं ते असं. मी दोन दिवस परगावी होतो, तेवढ्यात हिने ठकीला आपल्या भावाच्या दवाखान्यात नेलं. दातांच्या डॉक्टरची पंधरा वर्षांची लेक दुसऱ्या डॉक्टरच्या खुर्चीत! दाढ फार किडलेली, दोनच भिंती उरलेल्या. रूट कॅनल मीच केलं होतं, सुबक. कॅप तेवढी राहिली होती. आज-उद्या करणारच होतो. ही म्हणाली, तुमचं आज-उद्या चाललंय हिवाळ्यापासून, आणि पोरीची दाढ तुकड्यातुकड्याने ताटात पडतेय.
रागाच्या भरात काही लिहायचं नाही.

५ जून
ठकीचं तोंड उघडून पाहिलं. मेहुण्याने कॅप केलीच नाही! दाढ न घासता वरून दाताच्या रंगाचा तुकडा चिकटवलाय. म्हणे, या वयात चांगला दात जेवढा राखता येईल तेवढा राखावा. आम्ही दाढ चारही बाजूंनी घासून वर धातूची कॅप ठोकायचो. पेशंट हलेल, कॅप हलायची नाही. चिकटवाचिकटवी पाकिटांना शोभते.
कडेला फट सापडते का, प्रोबचा टोकदार आकडा फिरवून पाहिला. अडकला नाही. प्रोब जुना झालाय.
महिनाभरात तुकडा हातात येईल. लिहून ठेवतो.

९ जून
मेहुण्याशी अबोला सुरू.

१४ जून
अबोला कडक चालू आहे. त्याला अजून कळलेलं नाही. फोनवर त्याने विचारलं, दाजी कसे आहेत? ही म्हणाली, नेहमीसारखेच.

१७ जून, दुपार, पेशंट नाही
प्लॅन पक्का. डेंटिस्ट लोकांच्या पुढच्या मीटिंगमध्ये माझं भाषण: ‘लहान वयातल्या दाढा आणि चिकटवण्याचे दुष्परिणाम’. मेहुणा सेक्रेटरी आहे, पहिल्या रांगेत बसावंच लागेल. नाव घेणार नाही. फोटो बोलेल. सुरुवात ‘अध्यक्ष महाशय’ अशीच ठेवली, गावच्या शाळेत शिकवली तशी. स्लाइड तयार आहेत. तुटलेल्या दाढेची तेवढी बाकी.

२० जून
ठकीला बदाम आणले. अख्खे, बुद्धीसाठी. म्हटलं, उजवीकडून चाव. ही म्हणाली, एवढी माया अचानक कुठून फुटली? मी वाटी ठकीपुढे सरकवली. चांगल्या कामाचा गवगवा करू नये.

२६ जून
बदाम संपले. दाढ शाबूत. ठकीला गणितात उत्तम मार्क पडले. हे प्लॅनमध्ये नव्हतं.
देवाला जरा आठवण करून दिली. अट घातली, की तुकडा निघावा, पण पोरीला दुखू नये. रूट कॅनल झालेल्या दाढेत नस नसते, त्यामुळे देवाला हे अवघड नाही.

१ जुलै, संध्याकाळ
आला, दिवस आला! ठकी म्हणाली, बाबा, उजवीकडे गार पाणी झोंबतंय.
नस काढलेल्या दाढेला गार लागत नाही हे मला ठाऊक आहे. पण असल्या चिकटवलेल्या कामाला कसला आलाय नियम? एक्स-रे काढायला हवा होता. पण परवा भाषण आहे, आणि डोळ्यांना दिसतं त्याचा फोटो कशाला? ठकी म्हणाली, बाबा, बहुतेक त्याच्या मागची दाढ आहे. पेशंटला आपली दाढ ओळखता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.
तिला घेऊन दवाखान्यात निघालो. कॅमेरा घेतला.

तीच तारीख, घरी परत
तुकडा निघेना. कशाने चिकटवलाय देव जाणे. घासून घासून काढला. खाली कीड असणारच होती.
खाली दाढ स्वच्छ निघाली. कोरडी.
घासताना जिभेकडची भिंतही गेली. फोटो काढला नाही. मग मागच्या दाढेला गार कापूस लावून पाहिला. ठकी खुर्चीतून ताडकन उठून बसली. त्या दाढेला बारीकशी कीड आहे.
ठकीने आरसा मागितला. म्हटलं, नंतर.

२ जुलै
आता कॅप करायची तर दाढ अजून घासायला हवी, आणि घासायला काही उरलेलं नाही. ही म्हणाली, म्हणजे काढावी लागेल? पंधराव्या वर्षी? मग ठकीसाठी मऊ भात टाकायला आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
भाषण रद्द केलं. कारण घरगुती. तसं सेक्रेटरीला कळवावं लागतं, म्हणून मेहुण्याला फोन केला. अबोला सुटला असं नाही, कामापुरतं बोललो. शेवटी दाढेचंही सांगितलं. तो म्हणाला, दाजी, काही लावू नका, घासू नका, मी येतो.
देवापुढे उभा राहिलो. आज काही मागितलं नाही.

५ जुलै
परवा माप घेऊन गेला होता, आज मेहुणा नवा तुकडा घेऊन आला. पहिल्यापेक्षा मोठा. माझाच दवाखाना, माझीच खुर्ची. म्हणाला, थुंकीचा थेंब लागला तर चिकटणार नाही, दाजी, सक्शन तुम्ही धरा. धरलं. दाजी, जरा डावीकडे. धरलं. अशा कामाला अनुभवी हात लागतो.
त्याने एकच विचारलं, गार लागतं म्हणाली होती ना? मी म्हटलं, हो. तो पुन्हा कामाला लागला. एखादा टोमणा मारला असता तर मलाही काही बोलता आलं असतं.
तुकडा बसला. म्हणाला, टिकेल असं वाटतं. पण पुन्हा तुटली तर मात्र दाढ काढावीच लागेल.
मी म्हटलं, मागच्या दाढेची बारीक कीड आहे, ती मी आत्ता भरून टाकतो. पाच मिनिटांचं काम.
ठकीच्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. तिने मामाची बाही घट्ट धरली.
मी लाइट त्याच्याकडे वळवून दिला.