अकराव्या डब्यातली आडवी फळी

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, लाकडाच्या वखारीतला माल भरणाऱ्यांचा निवृत्त मुकादम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. अक्षर वाकडे आले तर त्याचा दोष वयाला द्यावा, अकलेला नव्हे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सर्व काही पत्नीला दिले होते. ती गेल्या वर्षी वारली, म्हणून ते रद्द समजावे.

१. राहते घर, दोन खोल्या व माळा, तसेच बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला. स्वयंपाकघराचे दार ओल धरली की फुगते. ते रंधा मारून घेऊ नये, किंचित उचलून ओढावे. आई गेल्यापासून मुलगी दर रविवारी येते आणि "बाबा, सावरा आता" असे एकदाही म्हणालेली नाही. त्याबद्दल तिचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

२. बारीक करवत, हातड्रिल व चारही चिमटे शेजारच्या घड्याळजींना. मी एकदा त्यांच्याकडे चिमटा मागितला, तेव्हा "खेळण्यांसाठी देत नाही" म्हणाले होते. हे कलम टोमणा म्हणून लिहिलेले नाही. थोडे आहे.

३. माळ्यावरची छोटी मालगाडी, म्हणजे एक इंजिन, बारा बंद डबे व चौदा फूट रूळ, अकरावा डबा वगळून जावईबापूंना. त्यांनी सहाव्या डब्याच्या छपरावर चहाचा कप ठेवला होता, डाग अजून आहे. पण नंतर तीन रविवार बसून त्यांनी सगळे रूळ पुसून दिले. डबे मी केले, त्यांवरचे नंबर पत्नीने भिंग लावून घातले. आमच्या वखारीतून लाकूड भरून गेलेल्या खऱ्या डब्यांचेच ते नंबर आहेत. एकही बदलू नये.

४. अकरावा डबा माझ्या मेहुण्यांना, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाला. वखारीत ते माप घेत. "सूतभर सरकवा" हे सारखे तोंडी, म्हणून सगळे त्यांना सूतभरच म्हणत. कारण लिहिणे भाग आहे.

डबा भरला की दारामागे आतून एक आडवी फळी ठोकायची असते, नाहीतर धक्क्याने सरकलेला माल दार उघडताच अंगावर येतो. हे काम माझे होते. त्रेपन्न वर्षांपूर्वी एका दुपारी जेवणाचा भोंगा झाला आणि मी हातोडा ठेवला. परत आलो तेव्हा दार लागलेले होते. कोणीतरी फळी ठोकली असेल असे मी धरून चाललो. डबा वजनकाट्यावर जादा भरला म्हणून परत आला. मेहुण्यांनी दार उघडले आणि त्यांचा डावा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत ते म्हणाले, "फळी मी ठोकतो म्हणालो होतो, विसरलो." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडले नाही. पुढे मी मुकादम झालो, ते मोजणीच्या टेबलावर गेले.

त्या डब्याची प्रतिकृती मी केली, पण आत फळी लावली नाही आणि दार पुन्हा उघडले नाही. गेल्या महिन्यात या यादीसाठी सगळे डबे पुसताना ते उघडले. आत काडीएवढी आडवी फळी चिकटवलेली होती, दोन्ही टोकांना काळ्या रंगाचे दोन-दोन खिळे. ब्रश पत्नीचाच.

डबा बुटांच्या खोक्यात घालून मी मेहुण्यांकडे गेलो.

"भाऊजी, दार उघडायला एवढी वर्षं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"फळी तुम्ही ठोकायची, हे वखारीत कोणाला माहीत नव्हतं? लग्नाला सहा आठवडे झाले होते तुमच्या. नोकरी गेली असती तर माझी बहीण काय भुसा खाणार होती?"

"तिला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. दोन दिवस चिडली. मग म्हणाली, दादा, ते आपणहून सांगतील, तोवर तू गप्प बस. मी बसलो."

मग चष्मा वर करून त्यांनी आत डोकावले. "सूतभर तिरकी लावलीय हिने," म्हणाले आणि बराच वेळ दार लावले नाही. निघताना मी खोके उचलले, तर म्हणाले, "आता कशाला नेता? मेल्यावर परत आणून द्यायला येणार आहात?"

सबब डबा त्यांच्याकडेच आहे. हे कलम देण्यापुरते संपले आहे, तरी खोडू नये. चौकशीच्या नोंदीत लिहिले आहे ते खोटे, वर लिहिले आहे ते खरे. या दोन भावंडांनी मला सांभाळून घेतले. इतकी वर्षे मला वाटत होते की मीच ते लपवून ठेवले आहे.

डबा आधीच दिल्यामुळे मेहुण्यांना या मृत्युपत्रातून आता काही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात, असे वकिलांनी सांगितले आहे.

स्थळ: राहते घर, माळ्यावर, रुळांच्या टेबलाशी
दिनांक: १४ ऑक्टोबर
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:
१. डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.
२. मेहुणे, वखारीत माप घेणारे, निवृत्त. सगळे वाचून सही केली. फळी सरळ केलेली नाही, तशीच ठेवली आहे.