गोड न खाणारी

सोमवार, २
लागली एकदाची नोकरी. केकवर क्रीमची फुलं काढायची, ती तर मला झोपेतही जमतात. मालकीणबाई प्रेमळ आहेत, भट्टीवाले काका बडबडे. कोठारात छतापर्यंत साखरेची पोती आहेत आणि दाराला आतून कडी. दुपारचं इन्सुलिन तिथेच टोचून घेईन. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, इंजेक्शन घेतलं की लगेच वहीत लिहायचं आणि वेळेवर जेवायचं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते. म्हणून ही रोजनिशी. लेकीने एप्रनच्या खिशात साखरेची पुडी घातली. थरथरायला लागलीस की खा, म्हणाली. सात वर्षांची आहे, पण वागते माझ्या सासूसारखी.

मंगळवार, ३
काकांनी नवा केक चाखायला पुढे केला. मला मधुमेह आहे, एवढंच सांगायचं होतं. पण अशा बाईला केकच्या कामावर कोण ठेवणार, या धास्तीने तोंडातून भलतंच निघालं, की मला लहानपणापासून गोड आवडतच नाही. सगळे पोट धरून हसले. माझं नाव पडलं तिखटबाई. मीही हसले. थाप पचली.

गुरुवार, ५
मालकीणबाई धुवायला एप्रन गोळा करत होत्या. पुडी सापडली असती तर शोभा झाली असती, म्हणून कचऱ्यात टाकली. संध्याकाळी लेकीने विचारलं, आहे ना गं पुडी. आहे म्हटलं. तिच्याकडे बघवेना.

शनिवार, ७
मोठी ऑर्डर. इंजेक्शन घेतलं आणि जेवण राहून गेलं. घामाने अंग भिजलं, फुलं वाकडी यायला लागली. काकांनी विचारलं, बरं नाही का. उकडतंय म्हटलं. मग मोरीत जाऊन भांड्याला लागलेलं क्रीम बोटाने चाटलं, चोरासारखं. माझी मलाच किळस आली.

सोमवार, ९
सकाळपासून कामातून डोकं वर काढलेलं नाही. जेवणही नाही. डोकं कसंतरीच होतंय. कोठारात येऊन कडी लावली. दुपारचं घेतलं का मी? वहीत काही नाही. नसेलच घेतलं. घेते.

घाम थांबत नाही. वही खाली पडली, उलटी उघडली. शेवटच्या पानावर माझंच अक्षर. सोमवार ९, दुपारी एक, घेतलं. घाईत उलटीकडून लिहिलं असेल. म्हणजे आज दोनदा—

काकांनी दार वाजवलं. काय चाललंय विचारतायत. पोती मोजतेय म्हटलं. असं का म्हटलं मी. ते गेले—

कडी. कशी काढतात—

मी कशावर बसलेय. पांढरं सांडलंय, हाताला खरखरीत लागतंय. तोंडात घातलं तर हसतील सगळे. तिखटबाई—

लेक विचारेल, पुडी—

काका, मी खोटं बोलले. मला गोड आव